चायना ग्रासची जेली

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा लागला की दुकानाच्या दारातच जेलीच्या छोट्या खोक्यांचे मनोरे उभे राहतात. लाल, केशरी, पिवळे आणि हिरवे. एरवी वर्षभर ही खोकी कुठल्याशा खालच्या फळीवर पडलेली असतात, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण थँक्सगिव्हिंग जवळ आलं की त्यांना सुगीचे दिवस येतात. शेजारीच अननसाचे डबे, मार्शमॅलोच्या फुगीर पिशव्या आणि अक्रोड मांडलेले असतात, म्हणजे गिऱ्हाइकाला शोधाशोध नको. मी दोन हिरवी खोकी उचलते, अननसाचा डबा घेते आणि गाडी ढकलत पुढे जाते. बाहेर पार्किंगमध्ये कालच्या बर्फाचा काळपट चिखल झालेला असतो आणि युनिव्हर्सिटीची बस शिंतोडे उडवत निघून जाते. तेवढ्यात माझं तोंड कडू झालेलं असतं. गोडाचं सामान घेताना तोंड कडू होणारी अख्ख्या ॲन आर्बरमध्ये मी एकटीच असेन.

हा पदार्थ ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. लिंबाच्या वासाची हिरवी जेली उकळत्या पाण्यात विरघळवायची. ती जरा निवली की तिच्यात डब्यातल्या अननसाचा चुरा, अक्रोडाचे तुकडे, मार्शमॅलोचे मऊ गोड गोळे आणि कॉटेज चीज घालायचं. कॉटेज चीज म्हणजे आपल्या चक्क्याचा पाणचट चुलतभाऊ. मग सगळं मधे भोक असलेल्या गोल साच्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी साचा कोमट पाण्यात दहा अंक मोजेपर्यंत धरायचा, त्यावर ताट पालथं घालायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि उलटवायचं. आतून एक ओला, ओठ सुटल्यासारखा आवाज येतो आणि हिरवंगार थरथरणारं कडं ताटात उतरतं. आणि याला म्हणायचं सॅलड. जेवण झाल्यावर गोड म्हणून नाही, जेवणातच, टर्कीच्या बाजूला, कोशिंबिरीच्या जागी वाढायचं. कोशिंबिरीत चिमूटभर साखर घालते म्हणून माझ्या नागपूरच्या मैत्रिणी मला कायम हसत आल्या. हे पाहिलं तेव्हा त्या काही बोलल्याच नाहीत.

मला हे शिकवलं डोरोथीने. लग्न होऊन आम्ही इथे आलो तेव्हा ती शेजारच्या घरात राहायची. सत्तरीची, एकटी, हातांना कायम साबणाचा वास. तिच्याकडे तिच्या आईने लिहिलेलं पाककृतीचं कार्ड होतं, कडा पिवळ्या पडलेलं, तिरक्या निळ्या अक्षरातलं. मी ते उतरवून घ्यायला वही काढली तर तिने कार्डच माझ्या हातात ठेवलं. तिच्या मुलांना ते नको होतं. मला केवढं भरून आलं होतं. परक्या देशात पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या घरातलं काही आम्हाला दिलं होतं. आणि पहिल्याच वर्षी मी शहाणपणा केला. डब्यातलं म्हणजे शिळं, ताजं ते ताजं, असं म्हणून अख्खं अननस आणून चिरलं. जेली काही धरेना. पाहुणे दारात आले तरी साच्यात हिरवं पाणीच. डोरोथी म्हणाली, "हनी, कॅन्ड. ऑलवेज कॅन्ड." ताज्या अननसातला रस जेलीला धरूच देत नाही, हे जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मला आठवीत शाळा सोडलेल्या डोरोथीने सांगावं. श्रीकांत, माझा नवरा, ते पाणी ग्लासात ओतून प्यायला आणि म्हणाला, "सरबत म्हणून झकास आहे." तेव्हा तो मला फार आवडायचा. आता आवडत नाही असं नाही. पण त्या वेळच्या आवडण्यात घास खाताना खडा लागत नव्हता.

पुढे मला युनिव्हर्सिटीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियनची नोकरी लागली. तिथे पेशी वाढवायच्या असतात. त्या प्लेटला चिकटून राहाव्यात म्हणून आधी प्लेटवर जिलेटिनचा पातळ थर द्यावा लागतो. ती पांढऱ्या पुडीची बाटली पहिल्यांदा हातात घेतली आणि लेबल वाचलं. जिलेटिन, डुकराच्या कातडीपासून. मी बाटली खाली ठेवली आणि जेलीचं खोकं डोळ्यांसमोर आणलं. त्यावरही पहिल्या दोन-तीन शब्दांत हाच शब्द होता. घरी येऊन श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, "मग? आपण चिकन खातोच की." तेही खरंच होतं. आम्ही दोघंही बाहेर सगळं खायचो, मिरजेला, माझ्या सासरी, कळू न देता. त्यामुळे विषय तिथेच संपला. हे इतकं बारीक सांगते आहे, कारण आम्हा दोघांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं आणि त्यालाही.

त्या वर्षी सप्टेंबरात आई आल्या. आई म्हणजे श्रीकांतची आई, माझ्या सासूबाई. मिरजेच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. माझे सासरे त्याआधी तीन वर्षं गेले होते आणि आमची ईशा दोन वर्षांची होती. सहा महिने राहायच्या बोलीवर आल्या. बोटं लांब, सुईच्या टोचण्यांनी टोकं जरा खरखरीत. सोवळ्याओवळ्याचं त्यांचं फारसं काही नव्हतं, पण पोटात काय जातं याचं होतं. अंडं नाही, मांस तर नाहीच, एकादशी कडक. विमानात त्यांनी चोवीस तासांत दोन केळी आणि डब्यातल्या दशम्या खाल्ल्या होत्या. इथे ब्रेड आणला तरी विचारायच्या, "अंडं नाही ना गं यात?" हॉटेलात पाऊल ठेवायच्या नाहीत. कुणाकडे जेवायला बोलावलं तर घरून खाऊन निघायच्या. आठवड्याभरात मला म्हणाल्या, "नीला, या देशात माझा भरवसा एकट्या तुझ्यावर. तुझ्या हातचं मी डोळे मिटून खाईन."

असं कुणी मला आधी म्हटलं नव्हतं. माझ्या आईनेसुद्धा नाही, तिला माझी पोळी कायम जाड वाटायची. आणि आपल्या भाषेत 'हातचं' हा शब्द साधा नाही. स्वयंपाक चांगला की वाईट, हा त्यातला प्रश्न नसतोच. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या नाही, यात माणूस आपलं की परकं ते ठरतं. मला इंग्रजीत तो शब्द कुणाला समजावून सांगता आला नाही. ईशाला एकदा सांगायचा प्रयत्न केला होता तर ती म्हणाली, "यू मीन होममेड?"

त्या थँक्सगिव्हिंगला मी नेहमीसारखं सॅलड केलं, आणि आईंना ते द्यायचं नाही हे मनाशी पक्कं ठरवलं होतं. त्यांच्यासाठी वेगळा शिरा केला होता. पण साचा उलटवला तेव्हा त्या शेजारीच उभ्या होत्या. ते हिरवं कडं हलायला लागलं तशा तोंडाला पदर लावून हसल्या. "अगंबाई, हे तर जिवंत आहे," म्हणाल्या. मग ओट्यावरचं रिकामं खोकं उचललं, चष्मा नाकावर सरकवला आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर लावायला लागल्या. "शुगर. हे कळलं. जि-ले-टिन. जिलेटिन म्हणजे काय रे श्रीकांत?"

मी सिंकपाशी होते, हात साबणात. श्रीकांत टेबलाशी बसून ईशाला भरवत होता. त्याने वर पाहिलं, माझ्याकडे नाही, आईकडे. आणि अगदी सहज म्हणाला, "चायना ग्रास गं आई. चायना ग्रासला इंग्रजीत जिलेटिन म्हणतात."

"असं होय. म्हणजे समुद्रातली वनस्पती."

"वनस्पतीच."

चायना ग्रास त्यांना ठाऊक होतं. मासिकातली कृती वाचून त्यांनी एकदा त्याचं दूध घालून पुडिंग केलं होतं. त्यांनी समाधानाने वाटी पुढे केली. मी श्रीकांतकडे बघत होते. तो माझ्याकडे बघून हसला, आणि खांदे जरासे उडवले, म्हणजे जाऊ दे ना, असे. नवी कवळी त्यांना टोचायची, हिरड्या सोलवटलेल्या असायच्या. हे थंडगार, मऊ, न चावता उतरणारं त्यांना इतकं आवडलं की त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं. दुसऱ्यांदा वाढलं ते मी. मीच वाढलं.

इथे मी काही धुतल्या तांदळाची नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या क्षणी "आई, थांबा" एवढे दोन शब्द पुरे होते. पण सासू खूश, नवरा खूश, मांडीवरची पोर खूश, आणि मी एकटीने मिठाचा खडा टाकायचा? पुढचा धक्का तर असा की दोन दिवसांनी आईच म्हणाल्या, "नीला, साखर, फळं आणि चायना ग्रास. म्हणजे हे उपासालासुद्धा चालेल की गं." आणि मग दर एकादशीला त्यांच्यासाठी जेली होऊ लागली. त्या दिवशी कॉटेज चीज नाही, मार्शमॅलो नाही, नुसती केळी आणि डाळिंबाचे दाणे. बाहेर गुडघाभर बर्फ, आत हीटरची उबदार घरघर, खिडकीशी आई पोथी वाचताहेत, आणि मी डुकराच्या कातडीची वाटी त्यांच्यापुढे ठेवते आहे. बाटलीवरचं लेबल मला रोज लॅबमध्ये दिसायचं. रोज मी ठरवायची की आज सांगू. घरी आले की आई दार उघडून म्हणायच्या, "दमलीस का गं? हात धू, चहा ठेवलाय." मग राहून जायचं.

कॅम्पसजवळच्या एका चिनी दुकानात चायना ग्रासच्या दोऱ्यांच्या जुड्या मिळतात, हे मला नंतर कळलं. आमच्या घरापासून सायकलवर बारा मिनिटं. तेवढी बारा मिनिटं मी गेले असते तर श्रीकांतचं खोटं मी मुकाट्याने खरं करून टाकलं असतं, कुणाला काही कळलंही नसतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. लोक नशिबाला बोल लावतात तेव्हा मला ती बारा मिनिटं आठवतात.

मार्चमध्ये आई परत निघाल्या. बॅगेत बदाम, साबणाच्या वड्या, शेजारच्या पोरांसाठी चॉकलेटं, आणि मधे कपड्यांच्या घडीत जेलीची बारा खोकी. "भजनी मंडळाच्या बायकांना दाखवीन म्हणते, अमेरिकेतला उपासाचा पदार्थ," म्हणाल्या. मी श्रीकांतला बाजूला घेतलं आणि म्हटलं, आता तरी सांग. तो म्हणाला, "दे गं, हौस आहे तिची. मिरजेत कोण वाचायला बसलंय?" मी खोकी बॅगेत भरली. एकेक करून, कोपरे चेपू नयेत म्हणून टॉवेलात गुंडाळून.

मिरजेत वाचणारी होती. समोरच्या घरातली वैशाली, बी.फार्म.ला दुसऱ्या वर्षाला. चैत्रातल्या एकादशीला आईंनी दुपारी भजनाला बायका बोलावल्या, अठरा-वीस जणी. भजन झालं, आणि शेंगदाण्याच्या लाडवाबरोबर प्रत्येकीच्या हातात हिरव्या जेलीची वाटी दिली. सगळ्यांनी खाल्ली, कृती विचारली. वैशाली स्वतःच्या आईला न्यायला आली होती. तिने स्वयंपाकघरातलं खोकं उचललं आणि म्हणाली, "आजी, जिलेटिन म्हणजे ज्याच्या औषधाच्या कॅप्सूल करतात ते. हाडांपासून काढतात." एक बाई तिथल्या तिथे उठून मोरीत गेली. हे सगळं मला आईंनी नाही, खूप वर्षांनी वैशालीनेच सांगितलं. तिला त्याचं अजून वाईट वाटतं. डुकराचं मात्र आईंना शेवटपर्यंत कळलं नाही. हाडंच पुरली.

रविवारी सकाळी फोन आला. त्या काळी आई कधी स्वतः फोन करायच्या नाहीत, म्हणून श्रीकांतने घाबरून उचलला. मी समोर ईशाची वेणी घालत होते. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण त्याचा चेहरा दिसत होता. बराच वेळ तो नुसतं "हो आई, हो" म्हणत राहिला. मग म्हणाला, "मला काय माहीत आई. नीलाने मला तसं सांगितलं होतं. ती लॅबमध्ये असते, मला वाटलं तिला ठाऊक असेल." आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "घे. आई बोलतेय."

मी त्याच्याकडे पाहिलं. रिसीव्हरवर तळवा ठेवून त्याने दुसऱ्या हाताने नमस्कार केला, खरोखरच केला, डोळ्यांत पाणी. मी फोन घेतला आणि म्हटलं, "चुकलं आई. माझ्या लक्षात नाही आलं." मग त्या म्हणाल्या, "बरं." आणि ठेवला.

नंतर त्याने मला समजावलं. "आई आहे गं, चार दिवस रागावेल. तुझ्यावर रागावली तरी मी आहे तिला. माझ्यावर रागावली तर तिला कोण आहे?" हे मला पटलं. पटलं म्हणजे काय, मी स्वतःला पटवलं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी त्याच्याकडे एकच मागितलं: कधीतरी, तिचा राग शांत झाला की, तू स्वतः तिला सांग. एक वाक्य. आई, ते मी म्हणालो होतो, नीला नाही. तो म्हणाला, "सांगतो ना. मिरजेला गेलो की सांगतो."

पंधरा वर्षं तो दर दोन वर्षांनी मिरजेला जात राहिला.

आणि मीही. आई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मी रडले असते, पाया पडले असते, काहीतरी झालं असतं. त्या फक्त म्हणायच्या, "तू बस. दमून आलीस." मी पोळ्या लाटायला गेले की "तू बस." मी चहा टाकायला उठले की गुडघ्यावर हात टेकत त्या माझ्या आधी उठायच्या. "पाहुण्याने कशाला करायचं?" मला आवडतं म्हणून भरली वांगी करायच्या, साजूक तूप वाढायच्या, निघताना ओटी भरायच्या. पण मी भरून दिलेला पाण्याचा पेला तसाच राहायचा, आणि थोड्या वेळाने त्या स्वतः माठातून दुसरा घ्यायच्या. हे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाही दिसलं नसतं, इतकं शांतपणे. श्रीकांतला तर नाहीच दिसलं. तो म्हणायचा, "बघ, आई किती करते तुझं."

शेवटच्या आजारात मी तीन आठवडे रजा काढून गेले. श्रीकांतचं काम अडलेलं होतं, तो मागून येणार होता. आई अंथरुणाला खिळलेल्या, जीभ जड झालेली, पण ओळख पक्की. त्यांना सांभाळायला शांताबाई म्हणून एक बाई होती. मी मऊ भात केला, मेतकूट आणि तूप घालून, आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी ओठ मिटले. चिडून नाही, सवयीने मिटावेत तसे. दोन दिवस त्यांच्या पोटात काही गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी शांताबाईच्या हातात तीच वाटी दिली आणि म्हटलं, तुम्ही भरवा. आईंनी अडखळत विचारलं, "कुणी केला?" शांताबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हटलं. ती म्हणाली, "मीच की ओ, अजून कोण करणार?" आईंनी तोंड उघडलं. अर्धी वाटी भात गेला. मी दाराआड उभी राहून बघत होते. पुढचे सोळा दिवस त्या माझ्याच हातचं जेवल्या आणि त्यांना ते कळलं नाही. म्हणजे शेवटीही मी त्यांना फसवलंच. पण या वेळी मी भाताला भातच म्हटलं होतं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

श्रीकांत पोचला तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. दहाव्याला कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. तो घाटावर उभा राहून म्हणाला, "आई, ईशाचं लग्न थाटात करीन." कावळ्याने मान वाकडी केली. मी मागे उभी होते. मला वाटलं, आता म्हणेल, आता तरी. मनातल्या मनात म्हणाला असला तरी मला चाललं असतं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

परत आलो आणि त्याच्या पुढच्या नोव्हेंबरात त्याने मला विचारलं, "आईचं ते सॅलड करशील ना या वर्षी? तिला काय आवडायचं ते." तो खरंच रडवेला झाला होता. त्या वर्षीपासून आमच्या घरात त्याचं नाव पडलं आजीचं सॅलड. करून सवरून नामानिराळा अशी म्हण आहे. आपल्याकडे म्हणी फार नेमक्या असतात, फक्त त्यांचा काही उपयोग होत नाही. मी एकदा चायना ग्रासचं करून पाहिलं. ते टणक होतं, सुरी लावली की तुटतं, थरथरत नाही. श्रीकांत म्हणाला, ती मजा नाही. त्यामुळे पुन्हा हिरवी खोकी आली. मी का करत राहिले, असं कुणी विचारेल. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं काम माझं नव्हतं. ते त्याचं होतं. मी वाट बघत होते. तीस वर्षं कुणी एका वाक्याची वाट बघतं का? बघतं. घर चालू राहतं, पोर मोठी होते, कर्ज फिटतं, गुडघे दुखायला लागतात, आणि आत एक बाई फोन हातात धरून उभीच असते.

या वर्षी ईशा तिच्या घरून, बॉथेलहून, येणार होती, नवरा ब्रायन आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन. पंधरा दिवस आधी फोन. "मॉम, यू आर मेकिंग आजीचं सॅलड, राइट? ब्रायन्स मॉम लव्हज व्हिंटेज रेसिपीज." मी म्हटलं, करते. डोरोथीचं कार्ड ईशाने मागेच स्कॅन करून फ्रेम केलं आहे. ते तिच्या स्वयंपाकघरात टांगलेलं असतं आणि खाली आईंचा फोटो. डोरोथी कोण हे तिथे कुणाला माहीत नाही.

गुरुवारी दुपारी सहा जण टेबलाभोवती बसलो. टर्की, भोपळ्याची भाजी, माझा मसालेभात, आणि मधोमध ते हिरवं कडं. ब्रायनची आई कॅरल, गोड बाई, तिने टाळ्या वाजवल्या. तिची आई असंच करायची म्हणाली. श्रीकांतला तेवढं निमित्त पुरलं. निवृत्त झाल्यापासून तो गोष्टी छान रंगवून सांगतो. "माय मदर," त्याने सुरुवात केली, "स्ट्रिक्ट व्हेजिटेरियन. स्मॉल टाउन. नो एग्ज, नथिंग." मग खोकं, चष्मा, एकेक अक्षर वाचणं, सगळं आलं. चायना ग्रास आलं. जिलेटिन कशाचं असतं ते ब्रायनच्या वडिलांना ठाऊक होतं, ते आधीच हसायला लागले. "एव्हरी फास्टिंग डे!" श्रीकांत डोळे पुसत म्हणाला. "सिक्स मंथ्स! अँड शी नेव्हर न्यू."

शी नेव्हर न्यू. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर कुठे चोरटेपणा नव्हता, नुसतं प्रेम होतं, आईची आठवण काढणाऱ्या म्हाताऱ्या मुलाचं. त्याने तो फोन विसरून टाकला होता. मी ज्याची वाट बघत होते ते सांगण्यासारखं काही त्याच्याकडे उरलंच नव्हतं.

मी मराठीत बोलले. इंग्रजीत भांडायला मला अजून जमत नाही. आवाज चढवला नाही. म्हटलं, "तिला कळलं होतं, श्रीकांत. एकादशीला, वीस बायकांसमोर कळलं. तिने फोन केला तेव्हा तू म्हणालास, नीलाने सांगितलं होतं. आणि फोन माझ्या हातात दिलास. त्यानंतर मरेपर्यंत ती माझ्या हातचं पाणी प्यायली नाही."

त्याचा चमचा वाटीतच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ईशाकडे पाहिलं, काहीतरी मागितल्यासारखं. ईशा मराठी बोलत नाही, पण तिला सगळं कळतं, लहानपणापासून. तिचा चेहरा उतरला होता. कॅरल आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती, हसू तसंच ठेवून. "ओह, व्हॉट डिड शी से?" तिने विचारलं.

ईशाने पाण्याचा एक घोट घेतला. मग कॅरलकडे वळून हसली. "शी सेज आजी वुड हॅव लव्हड टू मीट यू ऑल."

टेबलाभोवती "ऑ" असा मऊ आवाज उमटला. ब्रायनच्या वडिलांनी छातीवर हात ठेवला. कॅरलने वाकून माझा हात दाबला, तिचे डोळे भरून आले होते. मी तिला थँक यू म्हणाले.